सतरा पायऱ्या

सातशे चाळीस वाती झाल्या, तेव्हा शालिनीबाईंच्या लक्षात आलं की तन्वीच्या ताटातल्या वाती उभ्याच राहत नाहीयेत.

फुलवातीचं बूड पसरट हवं आणि शेंडा ताठ. कापूस चिमटीत धरायचा, दुधाचं बोट लावायचं, अंगठा आणि तर्जनीत एकच पीळ द्यायचा, की झाली. नातीच्या वाती माना टाकून पडल्या होत्या. पोरगी पीळ द्यायला जायची आणि मध्येच हात झटकायची.

"काहून गं, झोप झाली नाही का?"

"झाली ना आजी. सुबह-सुबह हात असे जामच होतात माझे. घंटाभर लागतो, फिर ठीक."

शालिनीबाईंनी लेकीकडे पाहिलं. सुनंदाने मान वर केली नाही. तिच्या ताटात सकाळपासून एकतीस वाती झाल्या होत्या आणि त्यासाठी तिला दोन तास लागले होते. आठ वर्षांपूर्वी हीच सुनंदा गप्पा मारता मारता तासाला दोनशे वळायची. आता तिची बोटं एका बाजूला कलली होती आणि मनगटं जाड झाली होती. नेहरू नगरातल्या तिच्या घरापासून इथे कोटऱ्यापर्यंत दहा मिनिटांची रिक्षा, पण रिक्षातून उतरतानासुद्धा तिच्या नवऱ्याला, श्यामरावांना, तिचा हात धरावा लागे.

उद्या शालिनीबाईंच्या नवऱ्याचं, नानांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. हजार चंद्र पाहिलेल्या माणसाला हजार वातींनी ओवाळायचं, आणि त्या वाती विकत आणायच्या नाहीत. जवाहर चौकात पाकिटं मिळतात, चांगली तुपातली मिळतात. पण शालिनीबाईंच्या सासूबाई छप्पन्न साली नवऱ्याच्या कचेरीमागोमाग नागपूरहून भोपाळला आल्या, तेव्हा ट्रंकांबरोबर जे नियम घेऊन आल्या त्यांत हा एक होता: वाती घरच्या बायकांच्या हातच्याच हव्यात. पुढे त्याच सासूबाईंचे हात पन्नाशीत वाकडे झाले. आमवात, असं म्हणून सगळे गप्प बसले, आणि नियम तेवढा मागे राहिला.

मेघा स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. मुलाची, गिरीशची बायको; ती या घरात कधी आवाज चढवत नसे. आज तिने कप जरा जोरात ठेवले.

"आई, आता सांगूनच टाकते. हे आणि श्यामभाऊ पत्रावळी आणायला गेलेत तोवर सांगते."

"मम्मी, प्लीज."

"मंगळवारी हिला सुनंदाताईंच्या डॉक्टरांकडे नेलं होतं मी. रक्तात खूण सापडली आहे, ताईंच्या रक्तात आहे तीच. आजाराने अजून धरलेलं नाही म्हणाले, सांधे अजून चांगले आहेत. पण ही सिगरेट ओढते. रोज सात-आठ."

खिडकीजवळच्या खुर्चीत नाना वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटायचं थांबलं.

"त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं," मेघा पुढे म्हणाली. "काही घरांत एक ठेवण रक्तातूनच येते. नुसती ठेवण असली तर बऱ्याच जणांना जन्मभर काही होत नाही. पण जोडीला सिगरेट आली की धोका नुसता बेरजेने वाढत नाही, जवळजवळ गुणाकारच होतो. धुराने फुप्फुसात म्हणे आपल्याच शरीरातली प्रथिनं थोडी बदलतात, आणि तशी ठेवण असलेलं शरीर त्यांना परकं समजतं. मग एक दिवस ते आपल्याच सांध्यांवर उठतं. आजच्या आज बंद करा म्हणाले."

"आणि मी त्यांना काय विचारलं, ते नाही सांगितलंस," तन्वी म्हणाली. सव्वीस वर्षांची, पुण्यात नोकरी करणारी, वाद घालायला एका पायावर तयार. "आजोबांनी पचास साल ओढली. बघा त्यांचे हात, आजही सुईत दोरा ओवतात. आणि आत्याने? आत्याने लाइफमध्ये सिगरेटला हात नाही लावला. तिच्या फाइलमध्ये लिहिलंय, मी वाचलंय. धूम्रपान: नाही. हमारे घर में तो उलटा ही है ना! ज्याने ओढली त्याला काही नाही, जिने नाही ओढली तिचे हात गेले. मग मी काहून सोडू?"

शेवटचं वाक्य आजीला खूश करायला नागपुरी थाटात म्हटलेलं होतं, पण आजी हसली नाही.

युक्तिवाद बिनतोड होता. त्यातली एकच गोष्ट खोटी होती, आणि ती खोटी आहे हे त्या खोलीतल्या तिघांना ठाऊक होतं. त्या तिघांपैकी दोघांची समजूत अशी होती की हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक आहे.

शालिनीबाईंच्या नाकाला काही पडसं झालेलं नव्हतं. घरात धूर नको, म्हणून नवऱ्याला गच्चीवर त्यांनीच घालवलं होतं. मग लेकही संध्याकाळची वर जाऊ लागली, वाळलेले कपडे काढायला म्हणून. कपडे काढायला पाऊण तास लागत नाही. धुराचा वास मारणाऱ्या लेकीच्या ओढण्या त्याच धूत होत्या. लग्न होऊन सुनंदा नेहरू नगरात गेली तरी आठवड्यातून तीनदा यायची, आणि आल्या आल्या विचारायची, "नाना वर आहेत का?" शालिनीबाई खाली पोळ्या लाटत राहायच्या. वरून दोघांचं हसू ऐकू यायचं. ते हसू थांबवायचा त्यांना धीर झाला नाही. खरं सांगायचं तर त्यांना ते हवंही होतं, फक्त त्यात आपणही असावं असं वाटायचं.

आठ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी विचारलं होतं, "सिगरेट?" सुनंदा आईच्या शेजारी बसून म्हणाली होती, "नाही." शालिनीबाई तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसल्या. लेकीची अब्रू राखली, असं त्यांना वाटलं होतं. डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहून घेतलं, आणि आज तो शब्द नातीच्या तोंडून परत आला होता.

आता सुनंदा बोलेल, असं त्यांना वाटलं. सुनंदाने बत्तिसावी वात हातात घेतली.

नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"सुनू, वर येतेस?"

"अहो, तिचे गुडघे," शालिनीबाई म्हणाल्या.

"येईल हळूहळू. मला तरी कुठे घाई आहे."

*

पायऱ्या सतरा होत्या. एक्याऐंशी वर्षांचा बाप आणि बावन्न वर्षांची लेक त्या चढू लागली, तेव्हा कोण कोणाला धरतंय ते सांगणं कठीण होतं. नवव्या पायरीवर सुनंदा थांबली. आठ वर्षांत ती वर आलीच नव्हती. आधी कारण उरलं नव्हतं, मग गुडघे उरले नाहीत.

गच्ची होती तशीच होती. टाकी नवी होती, आणि पलीकडे चार मजली इमारत उठल्यामुळे मोठ्या तलावाची जी एक पट्टी दिसायची ती दिसेनाशी झाली होती. वारा मात्र तिकडूनच येत होता. सुनंदा कठड्याशी तिच्या जागेवर जाऊन उभी राहिली, आणि तिची दोन बोटं आपोआप एकमेकांपासून सुटली. पूर्ण सुटली नाहीत, तेवढी ती आता सुटत नव्हती. तिने हात पदराखाली घेतला.

"मी सांगतो तिला," नाना म्हणाले.

"काय सांगाल?"

"की मी दिली. माझ्या आईच्या तेराव्याच्या संध्याकाळी मी इथे रडत बसलो होतो, आणि तू आलीस. बापाला रडताना बघून पोरीला काय वाटेल, म्हणून काहीतरी करायचं तर मी पाकीट पुढे केलं. वीस वर्षांची होतीस तू. आईचे वाकडे हात दोन आठवड्यांपूर्वी मीच छातीवर जुळवले होते. तरी दिली."

"तेव्हा कुणाला ठाऊक होतं नाना?"

"मग मला कळलं कधी? तू दवाखान्यातून आलीस आणि डॉक्टर सिगरेटचं काय म्हणाले ते सांगितलंस, त्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून मी सोडली. उद्या गिरीश भाषणात सांगणार आहे, नानांनी एका दिवसात सोडली, काय मनाचं बळ! मला लाज वाटते गं."

खालच्या गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. सुनंदाला एकदम आठवलं, नाना सचिवालयातल्या साहेबांच्या नकला करायचे. फाइल नाकाला लावून वाचणारे एक साहेब होते. त्यांची नक्कल बघून ती हसता हसता या कठड्यावर डोकं टेकायची. श्यामबद्दल तिने जगात सर्वांत आधी सांगितलं ते इथेच. नानांनी दोन झुरके घेतले होते, मग म्हणाले होते, इंदूरचा आहे म्हणजे खाण्याचे हाल नाहीत तुझे. चोवीस वर्षांतल्या त्या संध्याकाळी एकापुढे एक लावल्या तर तिचं खरं आयुष्य तेवढंच होतं, असं तिला कधीकधी वाटे. बाकी सगळं संसार होता.

"नाना, एक सांगू? हातांचं मला एवढं दुःख नाही. गोळ्या घेते, चालतंय. मला इथलं दुःख आहे. दिवसभरातली एवढीच वेळ माझी होती. आता मी तन्वीला सांगायचं, की बाई, मी इथे उभी राहून स्वतःचा आजार पोसत होते. असं सांगितलं तर मग माझ्याजवळ राहिलं काय?"

नाना कठड्यावरचं वाळकं शेवाळ नखाने खरवडत राहिले.

"मी काय सिगरेटसाठी वर येत होतो?" ते शेवटी म्हणाले. "ती मागच्या दाराशीही ओढता आली असती. तू येणार म्हणून येत होतो."

सुनंदाने वडिलांकडे पाहिलं. तिला रडू यायला लागलं होतं, पण त्याआधी राग आला.

"मग सोडल्यावर आपण नुसतेच येऊन का नाही उभे राहिलो? आठ वर्षं? माझे गुडघे तेव्हा चांगले होते नाना."

आठ वर्षं ते खाली बसून एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत होते.

*

खाली शालिनीबाईंनी दोन कप भरले आणि ट्रे तन्वीच्या हातात दिला. "वर नेऊन दे. आणि लगेच येऊ नकोस, थांब तिथे."

तन्वीला ते बरंच वाटलं. कुर्त्याच्या खिशात पाकीट होतं, आणि आत्या-आजोबा चहा पिऊन उतरले की टाकीमागे पाच मिनिटं मिळाली असती. वर पोचली तर आत्याचे डोळे लाल होते. तिने ट्रे कठड्यावर ठेवला.

"खिशात आहे ना?" आत्या म्हणाली. "दे एक."

"क्या?"

"सिगरेट गं. दे."

तन्वीने आजोबांकडे पाहिलं. ते तलावाच्या दिशेला, म्हणजे समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत होते. तिने पाकीट पुढे केलं.

आत्याने सिगरेट घेतली आणि तिचं टोक अंगठ्याच्या नखावर दोनदा आपटलं. मग वाऱ्याकडे पाठ केली आणि डावा तळवा आडोशाला धरला. हे सगळं तिने विचार न करता केलं. असं कोणाला शिकवून येत नाही, हे तन्वीला चांगलं ठाऊक होतं. सिगरेट दोन बोटांत धरायला आत्याने हात फिरवला, पण बोटं मिळाली नाहीत. सिगरेट खाली पडली आणि घरंगळत नळाच्या पाइपाशी जाऊन थांबली. कोणीच उचलली नाही.

"आत्या, तू?"

"चोवीस वर्षं. इथेच. यांच्याबरोबर."

"मीच लावली तिला," आजोबा भिंतीकडे बघतच म्हणाले.

तन्वीला वाटलं आपण आता हसू. त्याऐवजी ती ओरडलीच. "और फाइल? मी दोन साल से सबको यही बोल रही हूँ! पुण्यात रूममेट्सना, ऑफिसमध्ये, सगळ्यांना. माझ्या आत्याला बघा, तिने कधी हात नाही लावला तरी झालं, म्हणून. तुझ्या नावावर ओढत होते मी!"

"म्हणून तर सांगते आहे."

"इतने दिन क्यों नहीं बताया?"

"आईला कळू नये म्हणून. आणि," आत्या थांबली, "मजा यायची गं. खोटं नाही सांगणार. आयुष्यात इतकी मजा मला दुसरीकडे कुठे आली नाही. त्याला वाईट म्हणायला जीभ वळत नव्हती."

तन्वी टाकीच्या कट्ट्यावर बसली. तिने स्वतःचा उजवा हात उघडला, मिटला. आता साडेअकरा वाजले होते, हात व्यवस्थित मिटत होता. सकाळी तो दुसऱ्याच कोणाचा वाटायचा. ती त्याला मनातल्या मनात "रात्री वेडावाकडा झोपला असेल" असं म्हणत आली होती, दोन महिने.

"तू नसतीस ओढली तर नसता झाला?"

"काय ठाऊक. थोरल्या आजीची, तुझ्या पणजीची, ठेवण माझ्यात असणार. कदाचित झालाच असता. कदाचित साठीनंतर झाला असता, कदाचित कधीच नाही. एकट्या माणसाचं असं कोणी सांगू शकत नाही म्हणतात. हे कदाचित घेऊन मी रोज सकाळी उठते, आणि मग ब्लाउजचं हुक लावायला तुझ्या काकांना हाक मारते."

"आणि मी आज सोडली तर? नाही होणार?"

"तेही कोणी लिहून देणार नाही. धोका कमी होत जातो, पण वर्षानुवर्षं लागतात. ठेवण आपण बदलू शकत नाही बेटा. धूर तेवढा बदलता येतो."

तन्वीला आत्याचा हात धरावासा वाटला आणि भीतीही वाटली. तिने धरला. हात गरम होता. कठड्यावरचा चहा निवून गेला.

"प्रॉमिस नाही करत," ती म्हणाली. "बघते."

"बघ," आत्या म्हणाली. पाइपाशी पडलेली सिगरेट आजोबांनी वाकून उचलली, चुरगळली आणि तुळशीच्या रिकाम्या कुंडीत टाकली.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठी परात पाटासमोर आली. तुपात भिजलेल्या हजार वाती, त्यांतल्या साठ-सत्तर मान टाकलेल्या. शालिनीबाईंनी त्या काढू दिल्या नव्हत्या. घरातली माणसं आणि चार शेजारी, एवढेच लोक होते. गिरीशचं भाषण झालं. त्यात मनाचं बळ आलं, एक दिवस आला, टाळ्या आल्या. नाना मान खाली घालून बसले होते.

"सुनू, तू लाव," शालिनीबाई म्हणाल्या. पहिली वात लेकीने लावायची.

सुनंदाने काडेपेटी घेतली. तूप लागलेल्या बोटांत काडी ठरेना. एक मोडली, दुसरी निसटली. तिसरी मोडली तेव्हा खोलीत सगळे भलतीकडे पाहू लागले. मेघा पुढे व्हायच्या आत तन्वी उठली, खिशातून लायटर काढला आणि आत्याच्या मुठीत देऊन वरून आपला हात धरला. दोघींच्या हातांनी पहिली वात लागली. मग शेजारची, मग तिच्या शेजारची.

"हा तुझ्याकडे कसा?" गिरीशने विचारलं.

मेघाचा चेहरा पांढरा पडला.

"माझा आहे पप्पा," तन्वी म्हणाली. "कालपर्यंत रोज लागायचा. आता आजी, तू ठेव. देवाजवळ लागेल तुला."

शालिनीबाईंनी लायटर हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि कमरेला खोचला. गिरीश काही बोलणार होता. त्यांनी त्याच्याकडे फक्त पाहिलं, तसा तो परातीकडे बघू लागला. हजार वातींचा उजेड नानांच्या तोंडावर पडला होता आणि नाना लहान मुलासारखे रडत होते. लोकांना वाटलं, आनंदाने.

ओवाळून झालं की चंद्र बघायचा. त्रयोदशीचा चंद्र तिन्हीसांजेलाच वर आला होता. अंगणातून दिसत होता, म्हणून सगळे अंगणाकडे निघाले. शालिनीबाई जिन्याशी थांबल्या.

"मी वरून बघणार आहे."

"आई, सतरा पायऱ्या आहेत," सुनंदा म्हणाली.

"ठाऊक आहे. सकाळी पापड घालायला हजारदा चढले असेन. संध्याकाळची कधी चढले नाही." त्यांनी कठड्याला हात घातला. "मला बोलावलं नाही कधी कोणी."

सुनंदा जागच्या जागी उभी राहिली. नानांनी डोळे पुसायला घेतलेलं उपरणं तसंच धरून ठेवलं.

"ओढण्या मीच धूत होते ना गं," शालिनीबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आणि दवाखान्यात तू नाही म्हणालीस, तेव्हा मीही गप्प बसले. तन्वीचे हात बघितले काल, तेव्हा वाटलं, आपण दोघींनीच मिळून ते 'नाही' तिला लिहून दिलं. चल आता. धर मला."

तिघांना चढायला खूप वेळ लागला. मधे दोनदा थांबावं लागलं, एकदा सुनंदासाठी आणि एकदा नानांसाठी. वर वारा होता. इमारतीच्या डोक्यावर चंद्र आला होता आणि खाली अंगणात तन्वी कोणाला तरी मोठ्याने काहीतरी सांगत होती. सुनंदाने श्वास आत घेतला. छातीत जुनी ओढ उठली, थोडा वेळ राहिली.

शालिनीबाईंनी गच्चीभर नजर फिरवली.

"कुठे उभे राहायचात?"

सुनंदाने दाखवलं. नाना डावीकडे, ती उजवीकडे, मध्ये हातभर अंतर.

शालिनीबाई त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरून सारखा केला आणि म्हणाल्या, "आता सांगा, काय एवढं हसत होता तुम्ही?"